एक्कावन्न फूट जास्त

फजिती दुसऱ्याने सांगितली की ती फुगते. म्हणून माझी मीच सांगते, निदान आकडे तरी बरोबर येतील. हसू नका, सगळं प्रकरण आकड्यांचंच आहे!

आधी एक गोष्ट कबूल करते. मी फारसं बोलत नाही. घरी पाहुणे आले की पाण्याचे ग्लास ठेवते आणि पडद्यामागे जाते. वाण्याने पुडीत साखर कमी घातली तरी मागत नाही. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करत नाही. हात वर केला की बोलावं लागतं ना!

पण गणितात मी पहिली येते. आणि जो बोलत नाही पण गणितात पहिला येतो, त्याच्याबद्दल लोकांचा एक गैरसमज होतो. त्यांना वाटतं, हा काही चुकायचा नाही. वाईट म्हणजे मलाही हळूहळू तसंच वाटायला लागलं होतं.

तेव्हा मी नववीत होते. आम्ही घाटकोपरला एका बैठ्या चाळीत राहायचो. बाबा, आई, मी आणि आईचं शिलाई मशीन. मशीनला मी घरातल्या माणसांत धरते, कारण सगळ्यांत जास्त जागा तेच खायचं. आई चाळीतल्या बायकांचे ब्लाउज आणि परकर शिवायची. ती मापं घ्यायची, मी तिच्या वहीत लिहायचे. अक्षर चांगलं असण्याची शिक्षा!

त्या वहीमुळे मला शेजारच्या नलूकाकूंचं दुःख अगदी आतून ठाऊक होतं. दिवाळीच्या आधी त्यांच्या परकराचं माप, कंबर चाळीस. दिवाळीनंतर कंबर चव्वेचाळीस! मी माझ्या हाताने लिहिलंय.

"अगं, एका महिन्यात चार इंच?" काकू मटकन खाली बसल्या. "नीट बघ गं."

"नीटच बघितलं," आई तोंडात टाचण्या धरून म्हणाली. "चव्वेचाळीस."

"चकल्या," काकू म्हणाल्या. "त्या मेल्या चकल्या. आणि भात. आजपासून भात बंद!"

आणि खरंच बंद केला हो! रोज सकाळी मैदानाला दहा फेऱ्या मारायच्या आणि दुपारी आमच्या दारात उभं राहून आमच्या भाताकडे बघायच्या. मला फार वाईट वाटायचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर, बाबांनी स्वतःचं घर घ्यायचं ठरवलं.

बाबांच्या ऑफिसात कुणी घर घ्यायचं म्हटलं की सगळे मिळून त्याला घाबरवतात. "बिल्डर फसवतो. पाचशे सांगतो, चारशे देतो." बाबा रोज संध्याकाळी नवीन भीती घेऊन घरी यायचे. त्यात आमचा तातूमामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, बोलायला अजून पक्का मालवणी. गिरणीतली नोकरी सुटल्यावर तो एका बँकेत शिपाई म्हणून लागला. बँकेत बसल्यामुळे जगातले सगळे व्यवहार आपल्याला कळतात, असं त्याचं म्हणणं.

पहिलं घर पाहिलं ते मुलुंडला. तिथल्या एजंटने आमच्यासमोर लोखंडी टेप टाकून खोल्या मोजल्या आणि म्हणाला, "कार्पेट चारशे पाच." त्या घराला छोटीशी गॅलरी होती. आई गॅलरीत जाऊन उभी राहिली. नुसता हात लांब करून म्हणाली, "इथे मशीन. उजेड डावीकडून येतो."

बस, एवढंच. पण आई 'उजेड' हा शब्द ज्या आवाजात म्हणाली ना, तो मी विसरलेले नाही.

दुसरं घर बोरीवलीला. किंमत तेवढीच, मागे नॅशनल पार्कचे डोंगर, हवा झकास. लग्नसराईचे ब्लाउज शिवायचे होते म्हणून आई आली नाही. बाबा, तातूमामा आणि मी असे तिघे गेलो. निघताना मी मशीनच्या खणातून आईची मापाची टेप उचलली आणि फ्रॉकच्या खिशात टाकली. विचारलं नाही. मी कुणालाच काही विचारत नाही, हे सांगितलंच आहे.

इमारत अर्धवट होती. भिंतींना गिलावा झाला होता, लाद्या बसायच्या होत्या. बिल्डरचा माणूस केतनभाई आम्हाला तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेला. गोरा, गोल, घामाघूम माणूस.

"बघा साहेब, चारशे सत्तर बिल्टअप. कार्पेट तीनशे ऐंशी."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. मामा मात्र पुढे सरसावला.

"म्हणजे नव्वद फूट गेले खंय?"

केतनभाईने खाली पडलेला विटेचा तुकडा उचलला आणि भिंतीवर एक चौकोन काढला, त्याच्या आत दुसरा चौकोन. "हा आतला चौकोन, जिथे तुमी पाय ठेवणार, तो कार्पेट. भिंतीची जाडी धरली आणि जिन्याचा तुमचा हिस्सा धरला की बिल्टअप. भाव बिल्टअपवर."

"म्हणजे भिंतीचे पैसेसुद्धा आमीच देवचे?" मामा म्हणाला. "भिंतीत कोण ऱ्हवतला? पाल?"

"भिंत नाय तर पंखा कुठे लटकवणार, साहेब?"

"पंखो छताक लटकता!"

"मग छत कशावर उभा ऱ्हाणार?"

मामा मान वर करून छताकडे बघायला लागला. मला मात्र सगळं लख्ख समजलं होतं. आतून आत मोजायचं, गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत. खिडकीची बैठक धरायची नाही. वेडीवाकडी खोली असेल तर तिचे दोन आयत करायचे. नववीच्या पुस्तकात आहे की हे! एवढ्यासाठी मोठी माणसं घाबरतात?

बाबा आणि मामा केतनभाईशी पाण्याच्या टाकीबद्दल वाद घालायला गच्चीवर गेले आणि मी टेप काढली.

मोठी खोली. छोटी खोली. स्वयंपाकघर. मोरी, संडास, बोळ. साठ इंच टेप संपली की खडूने खूण, तिथून पुढे पुन्हा साठ. प्रत्येक आकडा दोनदा मोजला. दोन्ही वेळा तोच आला! चूक असती तर दोनदा सारखीच आली असती का? सांगा बघू.

आणि मग मला माझा कोपरा दिसला.

मोठ्या खोलीचं दार, म्हणजे घराचं मुख्य दार, आत उघडलं की बाजूच्या भिंतीला जाऊन टेकायचं. तिथे दाराची कड जिथे यायची, तिथपासून स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत एक रिकामी जागा होती. कुणाच्याच उपयोगाची नव्हती. मी मोजली. बरोबर अठ्ठेचाळीस इंच. बरोबर चार फूट! ना इंच कमी, ना इंच जास्त. तोवर मी अभ्यास करायचे तो मशीनच्या पायाशी, आईच्या पायडलच्या तालावर. चार फुटांचं टेबल, माझं, एकटीचं! असा नेमका आकडा उगाच येतो का? मला तो शकुनच वाटला.

खाली उतरल्यावर चहाच्या टपरीच्या बाकावर बसून मी बेरीज केली. चारशे एकतीस.

पुन्हा केली. चारशे एकतीस.

कागदावर तीनशे ऐंशी. म्हणजे बिल्डर आम्हाला फसवत नव्हता. तो स्वतःच फसला होता! एक्कावन्न फूट जास्त देत होता आणि त्याला पत्ताच नव्हता!

मी बाबांच्या कानात सांगितलं. बाबांच्या हातातली बशी कलली.

"खात्री आहे?"

मी मान हलवली. दोनदा मोजलं, असं बोटांनी दाखवलं.

बाबांनी मामाच्या कानात सांगितलं. मामाने आधी कपाळाला हात लावला, मग डोंगराकडे बघून नमस्कार केला. "एक्कावन्न! शुभ आकडो! गणपतीनंच दिल्यान!"

"पण तातू, त्याला सांगायला नको का? त्याचं नुकसान..." बाबा सरळ माणूस. बसमध्ये कंडक्टर चुकून पुढे गेला तर हे मागून जाऊन तिकीट मागतात.

"भावोजी!" मामा जवळजवळ ओरडला, मग एकदम कुजबुजला. "बिल्डराक फशिवचो योग सात जन्मांत एकदा येता. गप ऱ्हवा. शुभा, तू पण कोणाक सांगू नको हां!"

मला? मला गप्प राहायला सांगत होता! कावळ्याला काळा हो म्हणावं तसं.

घरी मी वहीत तक्ता केला. मुलुंड ४०५. बोरीवली ४३१. फरक २६. खाली दोन रेघा ओढल्या. दोन रेघा ओढल्या की कुठलंही उत्तर खरं वाटतं.

आईने तक्त्यावरून बोट फिरवलं. "गॅलरी नाही का तिथे?"

"नाही," बाबा म्हणाले. "पण आतच सव्वीस फूट जास्त. मशीन कुठेही मावेल."

"नीट मोजलंस ना गं?"

"हो," मी म्हटलं.

"मग झालं. शुभाने मोजलं म्हणजे बरोबर." आणि आईने मुलुंडची गॅलरी सोडून दिली. पुन्हा तिचं नावही काढलं नाही. कशाने मोजलं, हे तिने विचारलं नाही. मी सांगितलं नाही. घरात दोन माणसं कमी बोलणारी असली की असं होतं.

एक गोष्ट मात्र मला खटकायला हवी होती. आई बाजारात गेली असताना, सरावासाठी म्हणून, मी आमचीच खोली मोजली होती. अख्खी चाळ 'दहा बाय बारा' म्हणते ती खोली. ती आली दहा फूट आठ इंच बाय बारा फूट आठ इंच! माझ्या डोक्यात काय यावं? टेप बघावी? छे! माझ्या डोक्यात आलं की जुन्या काळचे लोक किती सढळ हाताचे होते! नववीतल्या मुलीला एवढा इतिहास पुरतो.

करारनाम्याच्या दिवशी तर नाटकच. केतनभाई एकेक कलम वाचत होता. "...कार्पेट क्षेत्रफळ तीनशे ऐंशी चौरस फूट..."

बाबांना ठसका लागला. मामा खिडकीबाहेर बघून शीळ घालायला लागला.

"काय झालं साहेब? काय शंका?"

"नाही नाही! तीनशे ऐंशी! अगदी बरोबर!" बाबा घाईघाईने म्हणाले. सही करताना त्यांनी पेनाचं टोपण दोनदा खाली पाडलं. चोरी करणारा माणूस कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं. सही झाल्यावर बाबांनी केतनभाईला स्वतःच्या खर्चाने चहा पाजला, वर सामोसाही घ्यायला लावला. मन खात होतं ना त्यांचं!

"फार चांगली पार्टी हाय," केतनभाई सामोसा खात मामाला म्हणाला. "एवढी खूश पार्टी मी बघितली नाय."

घराचा ताबा मिळायला काही महिने लागले. तोवर मी सुतारासाठी यादी केली. पलंग, कपाट, फळ्या आणि सगळ्यांत खाली, ठळक अक्षरात, 'टेबल, लांबी बरोबर चार फूट'. सुतार यादी बघून म्हणाला, "असं नीट माप कोणी देत नाही हो. पोरीने वहीत चित्रसुद्धा काढलंय." आईने पडदे शिवायला घेतले, माझ्याच यादीवरून. मी हवेत होते. आमच्या घराचा प्रत्येक इंच माझ्या अक्षरातून जात होता!

आणि मग सामान आलं.

पलंग छोट्या खोलीत शिरला, पण दोन भिंतींच्या मध्ये आडवा बसेना. कपाट पलंगावर चढलं. फळ्या भिंतीपेक्षा लांब निघाल्या. सुतार एक एक वस्तू लावून बघत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता.

"तायडे, माप तूच घेतलंस ना?"

शेवटी टेबल. माझं टेबल! माझ्या कोपऱ्यात ठेवलं आणि बाबांनी बाहेरून दार ढकललं. धप्प! दार टेबलाला आपटून मध्येच थांबलं. बाबा अर्धे आत, अर्धे बाहेर. पोट मध्ये.

"शुभे," बाबा उंबऱ्यावरून म्हणाले, "हे काय गं?"

सुताराने आपली टेप लावली. "कोपरा चव्वेचाळीस इंच आहे. टेबल अठ्ठेचाळीस."

आता तुम्ही म्हणाल, इथे तरी मला शंका यायला हवी होती. आली ना! बिल्डरची. मी मोजलं तेव्हा अठ्ठेचाळीस होते, आता चव्वेचाळीस आहेत. याचा अर्थ एकच. मधल्या काळात केतनभाईला आपली चूक कळली आणि त्याने गुपचूप जाडजूड गिलावा मारून आमचे एक्कावन्न फूट परत घेतले!

मामाला हे एकदम पटलं. "मी म्हटलंलंय ना? बिल्डर तो बिल्डर!"

"पण मग पडदे?" बाबा म्हणाले. ते अजून उंबऱ्यावरच होते. "पडदे कसे बरोबर बसले?"

खरंच. आईचे पडदे खिडक्यांना असे बसले होते की जसे काही खिडकीबरोबरच जन्मले होते. भिंती आत आल्या आणि खिडक्या तिथेच राहिल्या? पण त्या वेळी विचार कोण करतो! मामा धावत जाऊन खालच्या ऑफिसातून केतनभाईला घेऊन आला.

आणि आता ऐका. जी मुलगी वाण्याकडे कमी पडलेली साखर मागत नाही, ती पुढे झाली. बाबा, मामा, सुतार, त्याचे दोन कामगार आणि जिन्यात जमलेले तीन शेजारी यांच्यासमोर, बोट रोखून, खणखणीत आवाजात ती म्हणाली,

"तुम्ही भिंती आत सरकवल्यात!"

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच नवीन होतं.

केतनभाईने रुमालाने मान पुसली. "बेबी, भिंत काय कपाट हाय सरकवायला? वर मजला हाय, खाली मजला हाय. सगळ्यांच्या भिंती सरकवल्या काय मी?"

"गिलावा मारलात! जाड!"

"एवढा सिमेंट फुकट मारणारा बिल्डर मुंबईत दाखव, मी त्याच्याकडे नोकरी करतो."

जिन्यातले शेजारी हसले. पण मी मागे हटणार होते का? गणितात पहिली! "माझ्याकडे मापं आहेत. चारशे एकतीस. प्रत्येक माप दोनदा घेतलंय."

"चारशे एकतीस?" केतनभाई बाबांकडे वळला. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडत गेलं. "म्हणून सामोसा!"

बाबा दाराची कडी तपासायला लागले.

केतनभाईने खिशातून स्वतःची लोखंडी टेप काढली आणि सगळ्यांसमोर अख्खं घर मोजलं. सुतार आकडे लिहीत होता. बेरीज माझ्याकडूनच करून घेतली. तीनशे ब्याऐंशी.

"दोन फूट जास्तच दिला मी," तो म्हणाला. "आता बेबी, तू कशाने मोजला ते दाखव."

मी सकाळी मशीनच्या खणातून पुन्हा उचललेली आईची टेप खिशातून काढली आणि विजयाने त्याच्या हातात दिली. त्याने दोन्ही टेपा जमिनीवर शेजारीशेजारी पसरल्या. सगळे वाकले. दहाला दहा. वीसला वीस. तीसला तीस. बघा, बघा! एकोणचाळीसला एकोणचाळीस. आणि त्याच्या टेपेवर जिथे चाळीस होते, तिथे माझ्या टेपेवर...

चव्वेचाळीस.

मध्ये बारीक, सुबक, पिवळ्या दोऱ्याची शिवण. इतकी सुबक की आकडे वाचणाऱ्या माणसाला दिसूच नये. मी शेवटचे साठ बघायचे आणि पुढच्या खुणेला जायचे. साठ इंचांची ती टेप छप्पन्न इंचांची होती!

त्याच वेळी आई स्वयंपाकघरातून पडद्याच्या कड्या घेऊन बाहेर आली. "काय झालं? सगळे जमिनीवर काय शोधताय?"

"आई," मी म्हटलं. आवाज पुन्हा नेहमीएवढा झाला होता. "ही टेप..."

"अगं, ही कशाला आणलीस? दिवाळीच्या घाईत इस्त्रीखाली जळली नव्हती का ती? जळका तुकडा कापला आणि शिवून टाकली."

"आणि सांगितलं नाहीस?" बाबा म्हणाले.

"कुणाला सांगू? मापायला मीच, बेतायला मीच. माप घेताना जो आकडा, तोच कापडावर. ब्लाउज बसतो, परकर बसतो." तिने खिडकीकडे हात केला. "पडदे बसले की नाही?"

बसले होते. आईच्या टेपेने मापलेलं आणि आईच्या टेपेने कापलेलं सगळं या घरात तंतोतंत बसलं होतं. सुताराची टेप तेवढी खरी होती, म्हणून त्याचं काहीच बसत नव्हतं!

केतनभाई हसत हसत जिना उतरला. बाबा म्हणाले, "एक सांगू? या सगळ्या प्रकरणात खरं बोलणारा माणूस एकच निघाला, आणि तो बिल्डर होता. ऑफिसात कुणाला कळता कामा नये, मला वेड्यात काढतील."

मी आईकडे बघितलं. मुलुंडची गॅलरी माझ्यामुळे गेली होती. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती टेपेची गुंडाळी करत राहिली. मग म्हणाली, "न विचारता घेतलीस ना? मी पण न सांगता ठेवली. फिट्टंफाट."

आणि मग एकदम तिने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! नलू!"

चाळीस. चव्वेचाळीस. दिवाळी. मी माझ्या हाताने लिहिलं होतं!

काकूंची कंबर फुगलीच नव्हती. चकल्या निर्दोष होत्या. भात निर्दोष होता. आमच्या इस्त्रीपायी त्या बाईने कित्येक महिने वरणात नुसती चपाती बुडवून खाल्ली होती.

"आता सांगणार कोण त्यांना?" आई म्हणाली. आणि सगळे माझ्याकडे वळले. एकदा मोठ्याने बोलायची चूक केली की लोक तुम्हाला सोडत नाहीत.

वास्तुशांतीला चाळीतले सगळे आले. दार तेवढंच उघडत होतं. प्रत्येक जण आडवा होऊन, पोट आत घेऊन, देवळातल्या गर्दीत शिरावं तसा आत शिरत होता. मामा तर म्हणाला, "बरा आसा. चोर इलो तरी आडवोच येतलो." नलूकाकू मात्र सरळ आल्या. कुठे टेकल्यासुद्धा नाहीत.

पंगत बसली. मी भात वाढत होते. काकूंनी पानावर हात आडवा धरला. "मला नको गं. तुला माहीतच आहे."

"काकू," मी म्हटलं, "तुमची कंबर चाळीसच होती."

पंगत थांबली. मी सगळं सांगितलं. इस्त्री, शिवण, चार इंच, एक्कावन्न फूट, सगळं. डोळे भाताच्या पातेल्यावरून वर न उचलता.

"म्हणजे," काकू सावकाश म्हणाल्या, "मी इतके दिवस भात सोडला, तो..."

"इस्त्रीमुळे."

काकूंनी पानावरचा हात उचलला. "वाढ."

मी वाढला.

"अजून वाढ. वरण घाल. तूप घाल. हात आखडू नकोस!"

जेवण झाल्यावर त्यांनी सुताराची लोखंडी टेप मागून घेतली आणि आईला आत नेऊन माप घ्यायला लावलं. बाहेर आल्या त्या अशा थाटात, जशा काही बक्षीस समारंभातून आल्या. "छत्तीस! खरे छत्तीस! बघ गं शुभे, तुमच्या टेपेने माझी कंबर चार इंच कमी केली आणि तुमचं घर एक्कावन्न फूट!"

अख्खी पंगत हसली. हसू दे. मला वाटलं, आता संपलं.

कुठलं संपायला! टेबलाला दोन्ही बाजूंना खण आहेत, कापलं तर एक खण जातो, म्हणून सुतार कापायला तयार नाही. खिडकीखालची जागा मी आईच्या मशीनला दिली. तिथे उजेड डावीकडून येतो. त्यामुळे टेबल हलवायला घरात दुसरी जागाच नाही. मी माझ्या कोपऱ्यात, माझ्या टेबलावर, एकटी बसून अभ्यास करते. मला हवं होतं ते अगदी तसंच मिळालं, फक्त चार इंच जास्त!

आणि रोज कुणी ना कुणी येतं. पोस्टमन, दूधवाला, नवे शेजारी. दार ढकलतात, धप्प होतं, अर्धं अंग आत घालून विचारतात, "हे दार असं का हो?"

आई मशीनवरून मानही वर करत नाही. आपली पायडल मारत म्हणते,

"आमच्या मुलीला विचारा. ती गणितात पहिली आहे."